सुलोचनाबाई पाण्यात उतरल्या

सुलोचनाबाईंची नेमणूक चिचझरीच्या शाळेत झाली, ती १९७४ सालच्या जूनमध्ये. मी त्या शाळेचा मुख्याध्यापक. मुख्याध्यापक म्हणायचं एवढंच. सुलोचनाबाई यायच्या आधी शाळेत मी एकटाच होतो. पहिलीपासून चौथीपर्यंत चारही वर्ग एका खोलीत बसायचे. दुसरा शिक्षक मिळावा म्हणून दोन वर्षं मी अर्ज करत होतो आणि एके दिवशी नाकाडोंगरीहून बैलगाडीत पत्र्याची पेटी ठेवून, स्वतः मात्र गाडीमागून चालत, या बाई आल्या. वय चौतीस-पस्तीस. अंगाने किरकोळ. भंडाऱ्याच्या. लग्न केलेलं नव्हतं. घरी म्हातारी आई होती आणि तिला पोसायचं काम यांच्याकडेच होतं.

आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, "गुरुजी, हा नाला किती खोल आहे?"

मी म्हणालो, "कुठं गुडघाभर, कुठं दीड पुरुष. पण आटत नाही हो. वैशाखातही नाही."

मी हे कौतुकाने सांगितलं होतं. गावाला या नाल्याचा अभिमान होता. वरच्या टेकडीच्या पायथ्याशी एका जुन्या जांभळाच्या मुळांतून झरा निघतो आणि बारा महिने वाहतो. आजूबाजूच्या गावांतल्या बोड्या, म्हणजे लहान तळी, मार्चमध्ये कोरड्या पडतात, पण आमच्या नाल्याचं पाणी चैत्रातही एवढं नितळ, की शाळेखालच्या डोहात तळाची वाळू दिसायची. पण बाईंचा चेहरा उतरला. त्यांची राहायची सोय नाल्यापलीकडच्या टोल्यावर, म्हणजे गावापासून सुटलेल्या छोट्या वस्तीवर, नत्थू आणि सत्यभामाबाईंच्या घरी केली होती. गावात दुसरी खोलीच रिकामी नव्हती.

"दुसरा रस्ता नाही का?"

रस्ता होता. वरच्या अंगाला मैलभरावर रपटा होता, दगडांचा. पण चांगला पाऊस पडला की तो पाण्याखाली जायचा. मग टोल्यावरच्या माणसांना इकडे यायला एकच साधन, डोंगा. एका मोठ्या झाडाचं खोड कोरून केलेला, चार माणसं एकामागे एक बसतील एवढा. तो सत्यभामाबाईंचा होता. त्यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, निम्म्या अलीकडे, निम्म्या पलीकडे. नवऱ्याचा, नत्थूचा पाय मॅंगनीजच्या खाणीत दगडाखाली सापडून अधू झाला होता. त्यामुळे शेती, बैल आणि डोंगा हे सगळं सत्यभामाबाईच बघायच्या. लुगड्याचा काचा मारून, हातात लांब बांबू घेऊन त्या डोंग्याच्या टोकाला उभ्या राहायच्या आणि जाता-येता टोल्यावरची पोरं शाळेत सोडायच्या.

पहिले पंधरा दिवस सुलोचनाबाई रोज चार मैल जास्त चालल्या. मग आषाढ लागला आणि रपटा बुडाला. त्या दिवशी मी शाळेच्या ओट्यावर उभा होतो. पलीकडून डोंगा निघाला. त्यात तीन पोरं गप्पा मारत बसलेली आणि मधोमध बाई. दोन्ही हातांनी काठ घट्ट धरलेले, डोळे गच्च मिटलेले. सत्यभामाबाईंचा मोठा आवाज अलीकडे ऐकू येत होता.

"बाई, डोळे उघडा जी. डोळे मिटले का मानूस जास्त हालते, अन् मानूस हाललं का डोंगा हालते."

अलीकडे उतरल्यावर बाई शाळेत न येता भिंतीआड गेल्या आणि त्यांना उलटी झाली. मग तोंड धुऊन त्यांनी दुसरीला पाढे शिकवले.

त्यामागचं कारण मला माझ्या बायकोकडून, आनंदाबाईकडून कळलं. तिला सत्यभामाबाईंनी सांगितलं होतं. बाईंचा धाकटा भाऊ लहानपणी वैनगंगेत बुडून गेला होता. तेव्हापासून आईने बाईंना नदीच्या बाजूलाही फिरकू दिलं नव्हतं. भंडाऱ्यात राहून या बाईंनी पंचवीस वर्षं नदी जवळून पाहिली नव्हती.

"बदली मागा," मी त्यांना म्हणालो. "मी शिफारस करतो." मनातून मला भीती वाटत होती, की त्या हो म्हणतील आणि मी पुन्हा एकटा पडेन.

त्या म्हणाल्या, "आईचं औषधपाणी या नोकरीवर चालते गुरुजी. बदली कधी होईल, कुठं होईल, काय सांगता येते? रोज दोनदा डोळे मिटायचे, एवढंच तर आहे."

पावसाळा असाच गेला. हिवाळाही गेला. आमच्याकडे एप्रिलचं ऊन कसं असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. शाळा सकाळची असायची. दुपारी टोल्यावर घरात बसवत नाही, म्हणून बायका डोहाशी, काठावरच्या दुसऱ्या जांभळीखाली जाऊन बसायच्या. सत्यभामाबाई बैल धुवायला यायच्या आणि बैल धुऊन झाले, की स्वतः पाण्यात पडायच्या. पन्नाशीला आलेली बाई, पण पाण्यात गेली की एकदम हलकी व्हायची. लुगड्यासकट डुबकी मारायची, ती थेट पलीकडच्या खडकाशी निघायची.

सुलोचनाबाई वीस हातांवर, झाडाला टेकून वही तपासत बसायच्या. एक दिवस सत्यभामाबाई म्हणाल्या, "बाई, पायच टाका नुसते. बाकीचं राहू द्या तुमच्याजवळ."

बाईंनी पाय टाकले. घोट्यापर्यंत. हे सगळं मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत जायला आठ दिवस लागले. गुडघ्यापासून कमरेपर्यंत जायला सुट्टी संपून पुन्हा पुढचा उन्हाळा यावा लागला. सत्यभामाबाईंनी कधी घाई केली नाही. शेजारी उभ्या राहून त्या धानाच्या, सुनेच्या, म्हशीच्या गोष्टी सांगायच्या, आणि मधेच म्हणायच्या, "आता तोंड बुडवा. मी हात धरून आहो." बाई तोंड बुडवायच्या आणि लगेच बाहेर काढून रडायच्या. रडणं झालं, की पुन्हा बुडवायच्या.

सत्यभामाबाईंनी वाळलेल्या भोपळ्यांचे दोन मोठे तुंबे दोरीने बांधून बाईंच्या पाठीला अडकवले. त्या आधारावर बाई पहिल्यांदा तरंगल्या. उताण्या, कान पाण्याखाली. त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, "गुरुजी, कान पाण्यात गेले न, का सारं बंद होते. आपलाच जीव ऐकू येते, धक धक. मले वाटलं, एवढा वेळ हा चालूच होता, अन् मी कधी ऐकलाच नाही."

शहात्तरच्या मे महिन्यात तुंब्यांशिवाय त्या डोहाच्या या काठापासून त्या काठापर्यंत गेल्या. पंचवीस हातांचं अंतर. पलीकडच्या खडकावर बसून दोघी बायका कितीतरी वेळ हसत होत्या, असं टोल्यावरचे लोक सांगायचे.

त्यानंतर त्या डोंगाही चालवायला शिकल्या. पहिल्यांदा डोंगा गोल गोल फिरला, दुसऱ्यांदा करंजीच्या झुडपात घुसला. पण पुढच्या पावसाळ्यात सत्यभामाबाई रोवणीत अडकल्या, की टोल्यावरची पोरं सुलोचनाबाईच आणायच्या. मी ओट्यावरून पाहायचो आणि मला आवडायचं नाही. खरं सांगतो, आवडायचं नाही. शिक्षिका, ओचा खोचून, हातात बांबू घेऊन उभी! गावाने उद्या काय म्हणावं?

मग चौथीच्या मुलींनी त्यांच्यामागे लकडा लावला. शनिवारी शाळा लवकर सुटली, की बाई सहा-सात मुलींना घेऊन डोहावर जाऊ लागल्या. हे ऐकल्यावर मी त्यांना थांबवलं.

"बाई, ही शाळा आहे. एखादी पोरगी बुडाली तर गळफास माझ्या गळ्याला."

"पोहता येत नसलं तर बुडेलच न गुरुजी. हे पाणी काही जाणार नाही इथून. पोरी याच्याच काठानं वाढणार, याच्यावरूनच नांदायला जाणार."

"अभ्यासक्रमात आहे का हे?"

"नाही."

"मग बंद करा."

"तुम्ही लेखी द्या. मी बंद करते."

त्या शांतपणे बोलल्या आणि मला त्या शांतपणाचाच राग आला. मी लेखी दिलं नाही. त्याऐवजी वर कळवलं. चार ओळींचं पत्र लिहिलं, की शिक्षिका मुलींना धोकादायक जागी नेतात. महिन्याभराने तालुक्याहून एक साहेब आले. डोह पाहिला, जांभळीखाली बसून पोहे खाल्ले आणि सांगितलं, "शाळेच्या दिवशी नको. सुट्टीच्या दिवशी मायबापांनी पाठवलं तर तुम्ही अन् ते." तेवढ्यावर प्रकरण मिटलं. पत्र मी लिहिलं, हे बाईंना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीसारखा नमस्कार केला आणि हजेरीचं रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं.

आता रविवारी डोहावर जाणं सुरू झालं. रविवार म्हटल्यावर नुसत्या मुलीच नाही, तर त्यांच्या आयाही यायला लागल्या. कोणी धुणं घेऊन, कोणी नातवाला घेऊन. पुरुषांनी त्या वेळी तिकडे जायचं नाही, हा नियम सत्यभामाबाईंनी केला होता आणि त्यांच्या तोंडाला लागायची कोणाची टाप नव्हती. माझी आनंदाबाईही रविवारी धुणं घेऊन जायची. सकाळी नऊला गेलेली बाराला यायची. आम्ही दोघंच माणसं. माझी दोन धोतरं, तिची दोन लुगडी. एवढ्याला तीन तास कसे लागतात, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "गर्दी राहते जी."

अशी दोन-तीन वर्षं गेली.

एकोणऐंशीच्या भाद्रपदात सत्यभामाबाईंकडे महालक्ष्म्यांचं जेवण होतं. आम्हा दोघांना आमंत्रण होतं. गावातल्या सीताबाई म्हणून साठीच्या विधवा होत्या, त्यांनाही होतं. दुपारी आम्ही नाल्यावर आलो, तर सकाळच्या पावसाने पाणी गढूळ झालेलं आणि चांगलंच चढलेलं. सत्यभामाबाई चुलीपुढे होत्या म्हणून डोंगा घेऊन सुलोचनाबाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "थोडं थांबू गुरुजी. तासाभरात उतरेल."

मी म्हणालो, "तिकडे लोक पानावर खोळंबले असतील. चला."

ही माझी पहिली चूक. दुसरी मी मधोमध गेल्यावर केली. वाऱ्याने माझी छत्री उलटी झाली, ती सावरायला मी उभा राहिलो. सुलोचनाबाई ओरडल्या, "बसा गुरुजी, बसा!" तोपर्यंत डोंगा कलंडला होता.

पाणी नाकातोंडात गेलं. वर-खाली काही कळेना. मी हात मारत होतो, पाय मारत होतो आणि आणखी खाली जात होतो. तेवढ्यात माझ्या सदऱ्याच्या मानेला कोणीतरी मागून धरलं. मी वळून त्या माणसाला मिठी मारायला गेलो, तर माझ्या थोबाडीत बसली. सणसणीत.

"मले धरू नका! उताणे पडा! आभाळाकडे पाहा!"

तो आवाज आनंदाबाईचा होता. एकवीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याशी असा आवाज काढला नव्हता. मी उताणा पडलो. तिने माझी मान पकडून, एका हाताने पाणी कापत मला टोल्याच्या काठाला आणलं. तिथे गवताला धरून मी ओकत होतो, आणि ती धापा टाकत पाण्याकडे पाहत होती. "सीताबाई," ती म्हणाली. "सीताबाई कुठं गेली?"

सीताबाई वाहून चालल्या होत्या. त्या रविवारी कधी गेलेल्या नव्हत्या, त्यांना पोहता येत नव्हतं. पांढऱ्या लुगड्याचा फुगा तेवढा वळणाकडे जाताना दिसत होता. आणि त्याच्या मागे सुलोचनाबाई. डोहात पंचवीस हात पोहणं वेगळं आणि अशा पाण्यात पोहणं वेगळं. वळणाशी दोघीही दिसेनाशा झाल्या. आम्ही काठाने धावलो. आनंदाबाई पुढे, मी मागे.

करंजीच्या मुळांशी दोघी अडकलेल्या सापडल्या. एका हाताने सुलोचनाबाईंनी मूळ धरलं होतं आणि दुसऱ्या हातात सीताबाईंचं लुगडं पिळा घालून धरलं होतं. टोल्यावरच्या माणसांनी बैलगाडीचे कासरे एकाला एक बांधून टाकले. आधी सीताबाईंना ओढलं. सुलोचनाबाईंची मूठ मात्र सुटेना. बाहेर आल्यावरही ती मूठ सत्यभामाबाईंना एकेक बोट करून उघडावी लागली.

सीताबाईंच्या पोटातलं पाणी काढलं, त्या वाचल्या. नंतर नऊ वर्षं जगल्या.

सुलोचनाबाई सत्यभामाबाईंच्या ओट्यावर घोंगडी पांघरून बसल्या होत्या. दातावर दात आपटत होते. त्या बोलायला लागल्या, ते कोणाला उद्देशून नव्हतं.

"मी नऊ वर्षांची होती. त्यानं सदरा काढून माझ्या हातात देल्ला. म्हणे, ताई, धर, भिजू देऊ नको. मी घाटावर सदरा धरून उभी. थो दोनदा वर आला. दोनदा त्यानं माझ्याकडं पाह्यलं. मी ओरडली नाही, हलली नाही. सदरा भिजेल म्हणून मी उभीच."

सत्यभामाबाईंनी त्यांना जवळ ओढलं आणि लहान पोरीसारखं थोपटत राहिल्या. मी तिथून उठून गोठ्याकडे गेलो. माझं ते चार ओळींचं पत्र मला तोंडपाठ आठवत होतं.

घरी परतताना, रपट्याच्या लांब रस्त्याने दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर, मी आनंदाबाईला विचारलं, "केव्हापासून येते तुले पोहता?"

"तीन वर्षं झाले असतीन."

"अन् मले सांगतलं नाही?"

"तुमी पत्र लिवलं होतं न," ती म्हणाली. "मंग काहून सांगू?"

त्या आठवड्यात मी वर दुसरं पत्र लिहिलं. माझं पहिलं पत्र चुकीचं होतं, शिक्षिकेच्या शिकवण्यामुळे दोन जीव वाचले, त्यातला एक माझा, असं लिहिलं. त्याची नक्कल सुलोचनाबाईंच्या हातात दिली. त्यांनी वाचली, घडी केली आणि म्हणाल्या, "गुरुजी, 'शिकवण्यामुळे' मधे एकच 'क' असते न? इथं दोनदा झाला." मी पाहिलं, खरंच दोनदा झाला होता. मग आम्ही दोघंही हसलो. वरून उत्तर काही आलं नाही.

बातमी मात्र भंडाऱ्याला पोचली आणि बाईंची आई, पार्वताबाई, एसटीने, मग बैलगाडीने चिचझरीला आल्या. पासष्टीची, वाकलेली बाई. आल्या त्या रागातच. लेकीने चार वर्षं त्यांच्यापासून हे लपवलं होतं.

"एक नेला न पाण्यानं. दुसरी मी सांभाळून ठेवली होती. अन् तू सोताहून गेली?"

पार्वताबाई दोन दिवस नाल्याकडे पाठ करून बसल्या, जेवल्याही नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी रविवार होता. पाणी पुन्हा नितळ झालं होतं. आनंदाबाईने त्यांना हाताला धरून जांभळीखाली आणून बसवलं. पुढचं तिनेच मला सांगितलं. मुली पाण्यात होत्या, बायका होत्या, आणि मधे सुलोचनाबाई. म्हातारी आधी पदराने डोळे झाकून बसली. मग पदराच्या आडून पाहू लागली. मग पदर खाली केला. लेक डोहाच्या एका काठावरून निघून दुसऱ्या काठाला जायची, वळायची, परत यायची. म्हातारीची मान तिच्याबरोबर इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत होती. तासाभराने तिने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"सुलू, ये आता वर. ओठ निळे पडले तुहे."

बाई वर आल्या. पार्वताबाईंनी स्वतःच्या लुगड्याच्या पदराने त्यांचं डोकं पुसलं. इतकं रगडून पुसलं, की बाई "आई, हळू" म्हणाल्या, तरी त्या पुसतच राहिल्या.

ब्याऐंशीला सुलोचनाबाईंची आंधळगावला बदली झाली. गाव मोठं, शाळा मोठी, आईला दवाखाना जवळ. त्या गेल्या, तेव्हा टोल्यावर सात ते चौदा वर्षांच्या ज्या मुली होत्या, त्यांतली एकही पोहता न येणारी नव्हती. दोन वर्षांनी नाल्यावर छोटा पूल झाला. मी निवृत्त झालो आणि चिचझरीतच घर बांधून राहिलो. आनंदाबाईला दुसरीकडे जायचं नव्हतं.

आंधळगावला तलाव आहे, पण त्याचं पाणी गढूळ, कडेने शिंगाड्याचे वेल. "तिथं शिकवता येत नाही गुरुजी," बाई पत्रात लिहायच्या. म्हणून त्या दरवर्षी मे महिन्यात तिकडच्या बायकांना घेऊन इकडे यायच्या. आधी तिघी आल्या. मग पाच. शहाऐंशीला भाड्याची मेटॅडोर करून अकराजणी आल्या, भाकऱ्या बांधून. त्यात एक बेबीबाई म्हणून भारी अंगाच्या, आल्यापासून "मी नुसती पाहते जी, मी नुसती पाहते" म्हणत होत्या.

आता मी म्हातारा, त्यामुळे सत्यभामाबाईंनी मला नियमातून सूट दिली होती. डोहाकडे पाठ करून, तीन दगडांची चूल मांडून चहा करायचा, एवढ्या अटीवर. मी काटक्या पेटवल्या. मागे पाण्याचा आवाज, किंचाळणं, हसणं. सुलोचनाबाई रागावत होत्या, "बेबीबाई, माझा गळा सोडा! हात धरा, गळा नाही!" मग सत्यभामाबाईंचा आवाज आला. त्या काठावर बसून आपल्या म्हशीने यंदा किती दूध दिलं ते बेबीबाईंना सांगत होत्या. हळूहळू किंचाळणं कमी झालं.

चहा उकळला. मी मागे न पाहता विचारलं, "किती कप करू?"

"पंधरा करा," आनंदाबाई पाण्यातून ओरडली. "अन् बेबीबाईले साखर जास्त टाका. थे तरंगून राहिली."